पहिली कोण?

माणसाला क्रम लावण्याची हौस फार. आंब्यांत पहिला हापूस की पायरी, गवयांत पहिला कोण, कीर्तनकारांत कोण, आणि पंगतीला बसलेल्या चार व्याह्यांत जिलब्या रिचवण्यात पहिला कोण, या प्रश्नांपायी आपल्याकडे जितक्या रात्री जागवल्या गेल्या तितक्या परीक्षेच्या अभ्यासापायी खचितच गेल्या नसतील. म्हणून गेल्या दिवाळीत तुमसरच्या घरी माझ्या दोन पुतण्यांनी कपाटाच्या दारावर एक यादी चिकटवली, तेव्हा यादीचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते नावांचे. सोयॉन, मूनब्युल, सीएल, लिसा, जेनी! मला वाटले, एखाद्या औषधाच्या दुकानाची फर्द असेल.

"मोठे बाबा, ह्या कोरियाच्या मुली आहेत. रॅप करतात," धाकटीने सांगितले.

"म्हणजे गातात?"

"गात नाहीत. बोलतात. पण तालात बोलतात, आणि भरभर."

थोरलीच्या मते सोयॉन पहिली, धाकटीच्या मते लिसा. फराळाचे ताट पुढ्यात येईपर्यंत दोघींचा अबोला झाला होता. तालात आणि भरभर बोलणाऱ्यांत थोर कोण, यावर दोन तट पडावेत आणि सख्ख्या बहिणींनी तोंडे फिरवावीत, हे पाहून मला मात्र अगदी घरच्यासारखे वाटले. कारण हे भांडण आमच्या मुलखातले आहे, आणि ते कोरियातून आलेले नाही.

आमचे मूळ गाव आंबागडच्या पायथ्याच्या बाजूला. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याचे जे शेवटचे हात पसरले आहेत, त्यांतल्या एकावर हा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो सन १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. गोंड राजा, पठाण सुभेदार, मराठे धनी! एका टेकडीवर इतक्या बोली नांदल्यावर खालच्या गावांची जीभ सैल आणि चपळ झाली नसती तरच आश्चर्य. जवळच गायमुखला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, पानाची दुकाने, माहेरी आलेल्या लेकी, आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत. मंडई पाहिली नाही त्याने झाडीपट्टीची दिवाळी पाहिली नाही, असे मी म्हणेन. पुण्यामुंबईच्या वाचकांनी रागावू नये.

या खडी गंमतीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर येतात. तुरेवाला म्हणतो, शिव थोर, पुरुष थोर, ब्रह्म थोर. कलगीवाला म्हणतो, शक्ती थोर, माया थोर, तिच्यावाचून तुझा शिव नुसता बसून राहील. दंतकथा अशी की तुकनगीर आणि शाहअली या दोन फकिरी वृत्तीच्या पुरुषांचा असाच वाद चंदेरीच्या दरबारात झाला, आणि निवाडा करता न आल्याने राजाने एकाला पागोट्याचा तुरा दिला व दुसऱ्याला कलगी. कथेच्या खरेपणाची हमी मी घेत नाही, पण भांडण मात्र माळवा, निमाड, राजपुताना, व्रजभूमी सगळीकडे पसरले आणि महाराष्ट्रभर रुजले. सोलापूरचा राम जोशी (१७६२ ते १८१२) किंवा पुसेसावळीचा हैबती यांच्यासारख्यांनी त्याला भाषेचे वैभव आणले.

या भांडणाची रीत पाहण्यासारखी असते. एकाने डफावर थाप मारून कूट घालावयाचे, दुसऱ्याने ते त्याच चालीत, त्याच वजनात, तसेच यमक राखून तिथल्या तिथे सोडवावयाचे, आणि वर आपले एक घालावयाचे. पुराण पाठ हवे, मात्रा पक्क्या हव्यात, आणि श्वास पुरला पाहिजे. श्वास तुटला की जीलकरी मागे सूर धरून सावरतात, पण ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ध्यानातून ती खोट सुटत नाही. हरणाऱ्या पक्षाचे डफ-तुणतुणे हिरावून घेण्याचीही चाल होती, असे सांगतात.

आता यातली गंमत पाहा. शक्ती थोर की शिव थोर, याचा वाद इथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. कलगीवाल्याने रात्ररात्र जगदंबेची बाजू लढवली. परंतु त्या फडात स्त्री नव्हती! लुगडे नेसून, चाळ बांधून जो उभा राही तो नाच्या पोऱ्या, म्हणजे कोणाचा तरी मिसरूड काढलेला मुलगा. बाईची थोरवी पुरुषाने गायची, बाईचे सोंग पुरुषाने घ्यायचे, निवाडा पुरुषांनी करायचा, आणि खरी बाई मंडपाच्या कडेला मूल मांडीवर घेऊन बसलेली. तिला उत्तर येत नव्हते असे नाही. तिला कोणी प्रश्नच घातला नव्हता.

कोरियाची कथा थोडी उलटी आहे, म्हणून सांगतो. तिकडे पानसोरी नावाचा एक जुना प्रकार आहे. एक गाणारा, एक ढोलवाला, बस्स. गाणारा थोडे गातो, थोडे बोलतो, आणि तासन्‌तास कथा ओढून नेतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम पुरुषांचेच समजले जाई. शिन जे-ह्यो (१८१२ ते १८८४) या गृहस्थाने जिन चे-सन या मुलीला ते शिकवले, आणि १८६७ साली राजवाड्याच्या समारंभात ती गायली. पुरुषवेशात गायली, असे सांगतात. आमच्याकडे नाचण्यासाठी पुरुषाने लुगडे नेसावे आणि त्यांच्याकडे गाण्यासाठी बाईने पुरुषाचा अंगरखा चढवावा! दोन्ही देशांनी लाज राखण्यासाठी किती ही यातायात केली!

पुढचा इतिहास झपाट्याने सांगण्यासारखा आहे. कोरियातील युद्धाच्या दिवसांत ली नान-यंग या गायिकेने आपल्या दोन मुली आणि एक भाची यांचा ताफा तयार केला. अमेरिकन सैनिकांपुढे त्या इंग्रजी गाणी म्हणत. अर्थ कळत नसे, नुसते उच्चार पाठ केलेले. १९५९ साली या किम भगिनी अमेरिकेत लास व्हेगासला गेल्या आणि तेथील एड सलिव्हनच्या सुप्रसिद्ध दूरचित्रवाणी कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा झळकल्या. त्याच १९५९ साली आपल्याकडे 'सांगत्ये ऐका' पडद्यावर आला आणि पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. किम भगिनींना दुसऱ्यांचे शब्द, आमच्या पडद्यावरच्या तमासगिरिणींनाही दुसऱ्यांचे शब्द. फरक इतकाच की हंसा वाडकरांच्या वाट्याला माडगूळकर आले. हे भाग्य मोठे, पण तेही उसनेच.

रॅप हा प्रकार न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या कृष्णवर्णीयांच्या गल्ल्यांत १९७३ च्या सुमारास अंकुरला. कोरियात त्याची खरी हवा १९९२ नंतर आली, आणि १९९७ पासून मुलींचे ताफे निघू लागल्यावर प्रत्येक ताफ्यात एक गाणारी, एक नाचणारी, एक रॅप म्हणणारी अशी वाटणीच ठरून गेली. आपल्या फडातही शाहीर, नाच्या, सोंगाड्या अशी वाटणी असतेच. मात्र तिकडे कंपनी गाणी लिहवून घेते, कंपनी केस रंगवते, आणि रॅपवालीच्या वाट्याला सबंध गाण्यातले काही सेकंद येतात. तेवढ्यात तिने आपले नाव करायचे! आमच्या शाहिराला निदान रात्र मिळते.

२०१५ साली तिथल्या एका दूरचित्रवाहिनीने 'अनप्रिटी रॅपस्टार' नावाचा सामना केवळ बायकांसाठी भरवला. पुतण्यांनी त्याचे तुकडे मला दाखवले. भाषेचे एक अक्षर मला कळले नाही, पण प्रकार शंभर टक्के कळला. दोघी समोरासमोर उभ्या, एकीने दुसरीचे वाभाडे काढावयाचे, दुसरीने ते झेलून परत फेकावयाचे, आणि भोवतीच्यांनी 'हाय हाय' करावयाचे. हा तर सवाल-जवाब! पहिल्या वर्षी चीता नावाची गायिका जिंकली. ताफ्यांतल्या गोंडस मुलींना शब्द रचता येतात की नाही, हे तिथे उघड्यावर तपासले गेले, आणि पुष्कळ जणींना ते येत होते.

त्यांतलीच ही सोयॉन. २०१६ साली १०१ मुलींतून ११ निवडण्याचा दुसरा एक सामना झाला, त्यात ती विसावी आली आणि बाहेर पडली. त्याच वर्षी ती रॅपच्या सामन्यात उतरली. २०१८ साली तिचा स्वतःचा ताफा निघाला, आणि त्याचे पहिले गाणे रचण्यात तिचाच हात होता. पुढची अनेक गाणीही तिने रचली. आता त्या १०१ मुलींच्या सामन्याचे ऐका. त्याच मालिकेत मतमोजणीची लबाडी झाल्याचे २०१९ साली उघडकीला आले आणि २०२० साली एका निर्मात्याला दोन वर्षांची कैद झाली. मंडईतल्या पंचांवर आम्ही वाटेल ते बोललो असू, पण आमचा कोणी पंच तुरुंगात गेल्याचे ऐकिवात नाही. आंबागडचा तुरुंग तर केव्हाच ओस पडला!

आपल्या बायकांचे काय झाले? फडावर बाई आली, आणि नावाने ओळखली गेली, ती प्रथम पवळेमुळे. संगमनेराजवळच्या हिवरगावची पवळा आणि रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६ ते १९४५), यांची जोडी गाजली. महार मुलगी आणि ब्राह्मण कवी, एवढ्याने त्या काळी आकाश कोसळायचे ते कोसळले. पण क्रम लावताना लोकांनी काय केले? बापूरावांना शाहिरांत बसवले आणि पवळेला रूपवतींत. तिच्या गळ्यावाचून त्या लावण्या कोणाच्या कानी पडल्या असत्या, हा हिशेब कोणी केला नाही. पुढे विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर, कांताबाई सातारकर अशा एकाहून एक बाया उभ्या राहिल्या. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपटात (१९४७) बया रामजोशीला सवाल घालते, तेव्हा थिएटरातल्या बायका खुर्चीच्या काठावर येत, असे माझी आई सांगे. सवाल पुरुषानेच लिहिलेला होता, पण घालणारी बाई होती. एक पायरी तरी चढली.

आणि तरीही स्वतःचे शब्द स्वतः जुळवणाऱ्या बाया आपल्याकडे कधीच कमी नव्हत्या. त्या फडावर नव्हत्या, घरात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. तालाला दगडाची घरघर, विषय सासू, भाऊ, विठ्ठल, आणि कधी बाबासाहेब. आमच्या विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. भुलोबा म्हणजे शंकर, भुलाबाई म्हणजे पार्वती. पाहा, शिव आणि शक्ती इथेही आहेतच! पोरींचे थवे टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात, आणि झाकलेला खाऊ ओळखतात. प्रत्येक थव्यात एक अशी असतेच की जिच्या तोंडाला लगाम नाही. गाणे विसरले तर ती तिथल्या तिथे ओळ जुळवते, आणि घरधनिणीचे नावही त्यात गुंफते. लग्नातल्या उखाण्यांचेही तेच. "आणखी एक, आणखी एक" म्हणून दहा जणी हटून बसतात आणि नवी नवरी लाजत लाजत पाचवा उखाणा घालते, तो पाठातला नसतो. यांची यादी कोणी कपाटावर लावली नाही.

माझा कौल विचाराल तर मी थोरलीच्या बाजूचा. सोयॉन पहिली, कारण विसावे ठरवल्यावर तिने आपल्या शब्दांनी उत्तर दिले. मूनब्युल दुसरी. 'ममामू' ताफ्यात ती आपले बोल आपण लिहिते. सीएल तिसरी; तिची बरीच गाणी दुसऱ्याने रचलेली, पण उभे राहण्याचा तोरा असा की दहा डफ मागे हटावेत. लिसा मुळात थायलंडची, आणि तिच्या जिभेला तर पाते लावले आहे, हे मला मान्य आहे. परंतु शब्द उसने असले की मी एक पायरी खाली बसवतो. हा मंडईतला नियम आहे, माझा नव्हे. जेनीबद्दल दोघी बहिणींचे एकमत आहे, तेव्हा मी मध्ये पडत नाही. आणि यून मी-रे ही तर १९९७ पासून म्हणत आलेली. तिला यादीत न घालता भिंतीवर वेगळे टांगावे.

आता मंडयांच्या पत्रकांवर कोठे कोठे 'शाहिरा' असे अक्षर दिसू लागले आहे. आंबागडच्या बाजूच्या एका मंडईत मी एकीला ऐकले. नऊवारी, कपाळावर मोठे कुंकू, हातात डफ, वय चाळिशीच्या आसपास. मला वाटले, ही अर्थातच कलगीची, शक्तीची बाजू घेणार. तर ती निघाली तुऱ्याची! शिव थोर म्हणून ती रात्रभर भांडली, आणि समोर पागोटे बांधलेला साठीचा शाहीर घामाघूम होऊन शक्तीची थोरवी गात होता. पहाटे दोनच्या सुमारास तिने त्याला एक कूट घातले. त्याने डफ खाली ठेवला, पाणी मागितले, आणि फेटा सोडून पुन्हा बांधायला घेतला. तो फेटा बांधून होईपर्यंत मागच्या बाजूला बसलेल्या बायका एकेक करून मंडपाच्या पुढे सरकल्या होत्या.