कवटीतील दाबाचा हिशेब

मानवी कवटी ही ताठर व बंद पेटी होय. तीत एखादे अर्बुद वाढू लागले, तर त्याला जागा कोणी द्यावयाची, हा प्रश्न वैद्यकाला फार काळ नीट मांडताही आला नव्हता. एडिंबरो येथील शारीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो (दुसरा) याने १७८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, कवटी ताठर आणि मेंदू जवळजवळ असंपीड्य असल्यामुळे आतील रक्ताचे प्रमाण नेहमी स्थिरच राहिले पाहिजे. तर्क निर्दोष आहे. उणीव गृहीतांत आहे. मेंदूच्या पोकळ्यांतील व त्याभोवतीचा द्रव मन्रोने हिशेबात धरलाच नाही.

लीथ बंदरातील शल्यवैद्य जॉर्ज केली याने या मताला प्रयोगाचा आधार दिला. नोव्हेंबर १८२१ मधील एका वादळी रात्रीनंतर उघड्यावर मृतावस्थेत सापडलेल्या एका स्त्रीचे व एका पुरुषाचे प्रेत त्याने तपासले होते. त्यावरून सुचलेल्या प्रयोगांचा निबंध १८२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तस्रावाने मारलेल्या प्राण्यांचे शरीर पांढरे पडले, तरी मेंदूतील रक्त फारसे ओसरले नव्हते. कवटीला आधी छिद्र पाडले असता मात्र ते ओसरले. हा छिद्राचा प्रयोग विशेष मार्मिक आहे. जागा भरून काढावयास बाहेरची हवा मिळाली, तेव्हाच रक्ताने जागा सोडली.

या सिद्धान्ताला मन्रो व केली यांचीच नावे लागली. वस्तुतः त्यातील निर्णायक दुरुस्ती लंडनच्या जॉर्ज बरोज याची आहे. त्याने दोन ससे मारून एकास कानांनी व दुसऱ्यास मागील पायांनी टांगले. पहिल्याचा मेंदू फिकट, तर दुसऱ्याचा रक्ताने तुडुंब भरलेला आढळला. कवटीतील रक्त कमीअधिक होते आणि त्याची भरपाई द्रव करतो, असा निष्कर्ष त्याने १८४६ च्या ग्रंथात मांडला. हार्वी कुशिंगने १९२६ मध्ये मेंदू, रक्त व द्रव या तिन्हींची बेरीज स्थिर असते, असे सूत्र रूढ केले. पण बरोजचे नाव मागेच राहिले. ही उपेक्षा अन्यायाचीच म्हटली पाहिजे.

रुग्णाच्या दृष्टीने या सूत्राचा अर्थ कठोर आहे. अर्बुद वाढताना प्रथम द्रव व शिरांतील रक्त मागे सरतात, दाब फारसा चढत नाही आणि रोगी बरा दिसतो. ही सवलत संपली की अल्पशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. स्वीडनमधील लुंड येथे निल्स लुंडबर्गने मेंदूच्या पोकळीत नळी ठेवून दाबाची अखंड नोंद घेतली. त्याच्या १९६० च्या प्रबंधात पाच ते वीस मिनिटे टिकणाऱ्या उंच लाटांचे वर्णन आहे. १९७० नंतरच्या दशकात अँथनी मार्मरूने दाब व आकारमान यांचा संबंध घातांकीय समीकरणात बसविला. त्याच्या मापनपद्धतीनुसार निरोगी प्रौढाच्या कवटीतील दाब दसपट होण्यास सुमारे २५ मिलिलिटर अधिक आकारमान लागते.

अर्बुदाच्या वाढीचे गणित मात्र निराळ्या वाटेने आले. वॉल्टर डँडीने १९२८ मध्ये मेंदूचा संपूर्ण उजवा अर्धगोल काढण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या होत्या. परंतु इतके करूनही असे अर्बुद पुन्हा उद्भवत असे. १९९० नंतर जेम्स मरे व त्याच्या सहकाऱ्यांनी पेशींचे विभाजन व विसरण ही दोन्ही एकाच समीकरणात घेऊन त्याचे कारण दाखविले : दिसणाऱ्या सीमेपलीकडे पेशी आधीच पोहोचलेल्या असतात. या प्रतिमानात पेशी पसरत होत्या, पण मेंदू जागचा हलत नव्हता आणि दाबाला तेथे स्थानच नव्हते. २००५ मध्ये ऑलिव्हिए क्लाट्झ व सहकाऱ्यांनी विसरणाला मेंदूच्या यांत्रिक विस्थापनाची जोड दिली, तेव्हा मन्रोचा जागेचा प्रश्न या गणितातही उभा राहिला.