उंदरांना लागू पडलं, माणसांना नाही

अर्धांगवायू झाला की आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं.' वारं काही जात नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, नाहीतर फुटते. तुंबली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथल्या पेशी मरू लागतात.

अशा वेळी पेशींत 'फ्री रॅडिकल' नावाचे उपद्रवी कण वाढतात. गंजाने पत्रा खावा तसे ते पेशीचं आवरण खातात. हा गंज थांबवणारं औषध म्हणजे अँटिऑक्सिडंट. ते वेळेवर दिलं तर मेंदू वाचेल, या आशेवर शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं घालवली. जपानने २००१ साली एडारावोन नावाच्या अशा औषधाला मान्यता दिली. पुढे ते आपल्याकडेही आलं.

मोठी आशा मात्र दुसऱ्याच औषधावर होती. नाव अवघड, एनएक्सवाय-०५९. अॅस्ट्राझेनेका कंपनीने ते सुमारे १,७०० रुग्णांना देऊन पाहिलं. २००६ साली निकाल छापून आला: अपंगत्व थोडं कमी दिसतंय. केवढा आनंद झाला असेल! पण ३,३०० रुग्णांवर दुसरी चाचणीही झाली, आणि तिच्यात फायदा शून्य. कंपनीने औषध सोडून दिलं.

असं का झालं, यावर बराच खल झाला. प्रयोगातले उंदीर बहुतेक तरुण, धडधाकट. त्यांची रक्तवाहिनी कधी बंद केली ते मिनिटासकट ठाऊक, आणि औषधही लवकर मिळायचं. आपल्या घरातला रुग्ण साठीचा, त्याला बीपी, साखर. त्यात तेल चोळण्यात आणि गाडी शोधण्यातच दोन-तीन तास जातात. मला तर वाटतं, हा फरक आपल्यातल्या कुणीही आधीच सांगितला असता.

त्याच २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासलेले उपाय मोजले. भरले १,०२६! पेशी वाचवणारं एकही औषध रुग्णांवर निर्विवाद सिद्ध झालेलं नव्हतं.

टिकलं ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत ते तीन तासांच्या आत दिलं होतं. २००८ साली साडेचार तासांपर्यंतही उपयोग दिसला. त्याआधी सीटी स्कॅन लागतोच, कारण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन जिवावर बेतेल. म्हणून तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा आणि घड्याळ बघून ठेवा. माणूस शेवटचा धड कधी होता, हे डॉक्टर आधी विचारतात.