माहुरझरीच्या गोट्यांखालची घोड्याची हाडं

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय घोड्याच्या हाडांचा आहे, पण संबंध आपल्या वावरातल्या गोट्यांशी आहे.

नागपूरहून काटोल रोडनं निघालं की पंधरा-वीस किलोमीटरच्या आत माहुरझरी लागतं. अलीकडेच जुनापाणी. या टापूत मोठमोठे दगड गोल मांडून ठेवलेले दिसतात. गुराख्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतेच. सरकारदरबारी त्यांची नोंद झाली ती १८६७ च्या सुमारास, रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीला खणून पाहिलं तेव्हा. पुढे १९७० नंतर डॉ. शां. भा. देव यांनी माहुरझरीला पद्धतशीर उत्खनन केलं. ही शिळावर्तुळं म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची दफनं. आत काय निघालं? लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, मडकी, मणी आणि माणसासोबत घोड्याची हाडं. शिवाय घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने आणि लगामाचं लोखंडी कडियाळं.

आता कुणी म्हणेल, हाड ते हाड, त्यात काय एवढं! तर इथंच गंमत आहे.

घोड्याच्या अंगात साधारण २०५ हाडं असतात. आपल्याइतकीच म्हणा ना. पण मांडणी एकदम वेगळी. घोडा चालतो तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटावर. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो तो खरा तर मनगट. त्याखालची नळी हे तळहाताचं एकच जाड झालेलं हाड. शेजारच्या दोन बोटांची हाडं तिला काड्यांसारखी चिकटून उरली आहेत. मनगटाखाली मांसल स्नायू जवळपास नाहीतच, नुसत्या शिरा-कंडरा. आणि घोड्याला गळ्याजवळची हासळी नसते. म्हणजे पुढचे दोन पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत, स्नायूंच्या झोळीत धड लटकतं. अंगाच्या वजनातला निम्म्याहून जास्त भार त्याच पायांवर! धावताना बसणारे धक्के ही झोळी पेलते. म्हणून तो लांब पल्ला मारतो. आणि म्हणूनच पायाची नळी मोडली की बहुतेक वेळा घोडाच संपतो.

उत्खननात याचा उपयोग काय? ही नळी घट्ट असते, मातीत टिकते. दात त्याहून टिकतात. बाजारात व्यापारी दात बघून घोड्याचं वय सांगतो, पुराणजीवशास्त्राचा अभ्यासकही तेच करतो. लोखंडाचं कडियाळं चावून चावून खालच्या पहिल्या दाढेची कड झिजते. ती झीज सापडली तर जनावर लगामाखाली होतं असा अंदाज बांधता येतो. जड स्वारीचा ताण पाठीच्या मणक्यांवरही उमटू शकतो.

पण घोडा आणि रानगाढव यांची हाडं फार सारखी. कच्छमधल्या सुरकोटड्याचंच घ्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगत्पती जोशींनी ते हडप्पाकालीन ठिकाण खणलं. ए. के. शर्मांनी तिथली काही हाडं घोड्याची म्हणून जाहीर केली. पुढे हंगेरीच्या शांडोर बोकोन्यींनी दात आणि पायाची हाडं तपासून हो म्हटलं. रिचर्ड मेडो आणि अजिता पटेल यांनी तीच सामग्री बघून सांगितलं की हे सिद्ध होत नाही. कच्छच्या रणात रानगाढवं आजही आहेत, तेव्हा संशयाला जागा राहतेच. त्या मूठभर हाडांवर आर्य बाहेरून आले की इथलेच, याची लढाई अजून चालू आहे. व्हॉट्सॲपवर तर दोन्ही बाजूंचे लोक रोज निकाल लावतात. त्यातल्या किती जणांनी ते दात पाहिले असतील, देव जाणे.

माहुरझरीची गोष्ट वेगळी. इथं हाडांशेजारी कडियाळं आहे, तोंडावरचा दागिना आहे. घोडा की गाढव असा वाद घालायला जागाच राहत नाही. पाळलेला, सजवलेला घोडा मालकाबरोबर पुरला होता. विदर्भात नाईकुंडसारख्या इतरही ठिकाणी घोड्याचे अवशेष मिळालेत. त्या लोकांनी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. राजा कोण, भाषा कोणती, काही माहीत नाही. घोड्याला ते किती मानत, एवढं मात्र हाडं आणि दागिने एकत्र सापडले म्हणून कळलं. हाड तिथं आणि दागिना भंगारात गेला असता तर?

आणि नेमकं तेच होतंय. ही वर्तुळं मुरमाड टेकाडांवर आहेत आणि मुरूम सगळ्यांनाच पाहिजे. रस्त्याला, लेआउटला, घराच्या पायाला. मी स्वतः एका ठिकाणी पाहिलंय, आदल्या उन्हाळ्यात फोटो काढलेलं वर्तुळ पुढच्या वर्षी अर्धं होतं. उरलेले गोटे बांधाला रचून ठेवलेले. शेतकऱ्याला बोल लावू नका, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काही वर्तुळं संरक्षित आहेत, पण बाकीच्यांना ना फलक ना कुंपण. जेसीबीच्या एका बकेटमध्ये दात कुठे, कडियाळं कुठे, माणूस कुठे, सगळा काला होतो. मग ते हाड संग्रहालयात नेऊन ठेवलं तरी काही बोलत नाही.

तुमच्या वावरात, गावच्या माळावर गोलाकार मांडलेले जुने गोटे असतील तर उकरू नका. फोटो काढा, गट नंबर लिहा, तलाठ्याला आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला लेखी कळवा, पोचपावती घ्या. गावाचं नाव खाली कमेंटमध्ये टाका. गट नंबर तिथं टाकू नका, मला मेसेज करा, कारण गुप्तधनवालेही या पोस्टी वाचतात. पुढच्या महिन्यात मी यादी करायला बसणार आहे.