खाट हेच औषध?

कोल्हापूरजवळच्या कळंब्याहून मिरज पन्नासेक किलोमीटर. मिरजेलगत वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते, पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल-एअर’ सुरू केले. जंतूंवर औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती ही त्रिसूत्री जर्मनीतून सर्वत्र पसरली होती. फाल्केनस्टाइनला डेटवायलर रोग्यांना तासन्‌तास व्हरांड्यातल्या आरामखुर्च्यांवर पडून राहायला लावत. दुखावलेले फुप्फुस हलवू नये, असा साधा तर्क.

इंग्लंडमध्ये फ्रिमली येथे मार्कस पॅटर्सन यांनी १९०५ पासून याच्या उलट केले. ताप उतरलेल्या रोग्याला आधी चालवायचे, मग मातीच्या टोपल्या उचलायला द्यायच्या, पुढे फावडे. ताप चढला की काम बंद. (रोग्यांकडून फुकटात कामे करून घेतली, असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही.) श्रमाने जंतूंचे विष रक्तात थोडेथोडे मिसळून लशीसारखे काम करते, हे त्यांचे स्पष्टीकरण टिकले नाही. निरीक्षण मात्र मोलाचे होते. पडून राहिलेल्याचे स्नायू झिजतात आणि मग थोड्या कामालाही जास्त श्वास लागतो.

दुसरी वाट गुरुत्वाकर्षणाची. ब्राँकिएक्टॅसिसमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावतात व त्यांत कफ साचतो. लंडनच्या विल्यम यूअर्ट यांनी १९०१ साली अशा रोग्यांना विशिष्ट स्थितीत झोपवून कफ वाहू देण्याची पद्धत मांडली. वर्गात हे दाखवायला आपल्याकडची काकवी उत्तम. बाटलीत थोडी काकवी घ्या. बाटली उभी ठेवली तर ती तळाशीच राहील. तोंड खाली केले की सावकाश उतरेल. फुप्फुसाच्या प्रत्येक भागाचे ‘तोंड’ वेगळ्या दिशेला असल्याने प्रत्येकासाठी झोपण्याची स्थितीही वेगळी.

खाटेची सक्ती मोडली ती मद्रासला. तेथील केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही रोग्यांना घरी, काहींना आरोग्यधामात त्याच गोळ्या दिल्या. घरच्यांना आहार कमी आणि श्रम अधिक. तरीही वर्षाअखेर गुण जवळजवळ सारखाच!

त्याआधी १९५३ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराची शाळा निघाली. निकड पोलिओची होती, पण पोलिओ श्वासाचे स्नायूही लुळे पाडतो. छाती या शास्त्राबाहेर राहणे शक्यच नव्हते.

आज वॉर्डात रोग्याला लवकर बसवतात, दीर्घ श्वास घ्यायला आणि कफ बाहेर काढायला शिकवतात, गरज पडल्यास ऑक्सिजन लावून चालवतात. छातीवर थापट्या मारणे हा सरसकट उपाय नव्हे. साध्या न्यूमोनियात त्याचा फायदा दिसलेला नाही. खोकल्यातून रक्त पडत असेल तर डोके खाली करून झोपवणे धोक्याचेच. क्षयाचे जंतू गोळ्यांनी मरतात, व्रण राहतात. ‘बरा’ झालेला माणूसही जिन्यावर धापा टाकतो. त्याची प्रगती मोजायला तीस मीटर सपाट जागा आणि घड्याळ पुरते: सहा मिनिटांत तो किती मीटर चालला, एवढेच पाहायचे.