चिळकांडीची कुळकथा

जपानी ॲनिमेत तलवार चालली की रक्त ओघळत नाही, त्याची चिळकांडी उडते. त्याआधी मात्र सगळं गोठतं. पापणीही हलत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतल्या शाळकरी पोरांना हे तोंडपाठ आहे. सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा ॲनिमेपट आला, तेव्हा पुतण्याच्या मागे मीही गेलो. तलवारीने मुंडकं उडवल्याखेरीज त्यातले राक्षस सहसा मरत नाहीत. त्यामुळे अडीच तास तेच. "काका, डोळं का मिटलासा?" असा प्रश्न मध्यंतराआधीच आला.

या चिळकांडीचा मूळपुरुष मात्र कार्टून नव्हे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'सांजुरो' हा सामुराईपट 1 जानेवारी 1962 ला आला. शेवटी तोशिरो मिफुने आणि तात्सुया नाकादाई हे नट हातभर अंतरावर उभे राहतात. बराच वेळ कोणी हलत नाही. मग एकच वार आणि नाकादाईच्या छातीतून कारंजं! कपड्यांखाली नळी दडवून दाबाने द्रव सोडला होता. तो अपेक्षेपेक्षा जोरात उसळला म्हणतात. कुरोसावांनी तो तसाच ठेवला. पुढच्या सामुराईपटांनी मग वीट येईपर्यंत कारंजी उडवली.

ॲनिमेतल्या गोठण्याचं मूळ मात्र काटकसरीत आहे. बरोबर वर्षाने, 1 जानेवारी 1963 ला, ओसामू तेझुकांची 'ॲस्ट्रो बॉय' ही ॲनिमे मालिका टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा आणि पैसा तुटपुंजा. फिल्मच्या सेकंदात 24 चौकटी. तेवढी चित्रं काढणार कोण? मग चेहरा तसाच ठेवून नुसते ओठ हलवायचे, एकच चित्र कॅमेऱ्याखाली सरकवत न्यायचं. पुढच्या दिग्दर्शकांनी या ओढाताणीतूनच शैली घडवली. आधीचं चित्र जितकं निश्चल, तितका वार जिव्हारी लागतो. माझे डोळे मिटले ते त्या थांबण्याला भिऊन. रक्त तर नंतर आलं.

'असलं आपल्याकडे नव्हतं' असं कोल्हापूरकरांनी तरी म्हणू नये. इथल्याच बाबूराव पेंटरांनी 1920 च्या 'सैरंध्री'त भीमाच्या हातून झालेला कीचकवध इतका हुबेहूब दाखवला, की प्रेक्षक हादरले आणि तो प्रसंग कापावा लागला. कुरोसावांच्या कारंज्याआधी 42 वर्षं!

तेव्हा पोरांबरोबर जरूर जा आणि वाराआधीचं ते थांबलेलं चित्र नीट बघा. अगदी लहानग्यांना मात्र घरीच ठेवा.