‘वाडी’ नेमकी कुणाची?

टिळकवाडी या नावाचे दोन तुकडे पडतात. पहिल्याची कथा बेळगावकरांना ठाऊक आहे. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते इथंच. तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. इथल्याच एका हायस्कूलच्या नावात ‘ठळकवाडी’ असंही रूप सापडतं. म्हणजे पहिला तुकडा बदलतो, ‘वाडी’ मात्र कायम. या दुसऱ्या तुकड्याकडं कुणी फारसं बघत नाही.

आणि बघतात तेव्हा भांडायला! ‘वाडी’ आली की गाव मराठी, ‘हळ्ळी’ आली की कानडी, असा हिशेब सीमाभागात सर्रास मांडला जातो. तो कितपत टिकतो?

मूळ शब्द संस्कृत ‘वाट’, म्हणजे कुंपण घातलेली जागा. कोशकार तो ‘वृ’ (वेढणे) या धातूशी जोडतात. त्यातून आपला वाडा, आणि लहान ती वाडी, गाडा-गाडी तसंच. अर्थ मात्र मुलखागणिक सरकला. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि गावातली वस्तीही. गुजरातीत वाडी म्हणजे बागायत मळा. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होऊन ‘बाडी’ म्हणजे घर. रवींद्रनाथांची ठाकूरबाडी ती हीच. आणि निपाणीकर नुसतं ‘वाडीला जाऊन येतो’ म्हणाला, की समजायचं नृसिंहवाडी.

आता दक्षिणेकडं. तेलुगूत ‘वाड’ म्हणजे वस्ती, पेठ, विजयवाडा आठवा. तमिळमध्ये ‘वाडी’ म्हणजे कुंपणाची जागा. जल्लिकट्टूत बैल ज्यातून सुटतो ते दार ‘वाडिवासल’. कन्नडमध्ये ‘वाडे’ आहेच. आणि कन्नड साहित्याचं माहेर असलेल्या धारवाडचं नाव ‘द्वारवाट’वरून आलं, असं नेहमी सांगितलं जातं.

इथं जरा जपून. सारखा दिसणारा प्रत्येक शब्द नातेवाईक नसतो. कन्नडमधली ‘हाडी’ (वस्ती) ही जुन्या ‘पाडि’पासून आली. जुन्या ‘प’चा तिथं ‘ह’ झाला. ‘पळ्ळि’ची ‘हळ्ळि’ झाली तशीच. ते द्राविडी घराणं वेगळं. काश्मीरची ‘वादी’ अरबी, म्हणजे दरी, नदीचं पात्र. आपण चालतो ती ‘वाट’सुद्धा निराळी, ती ‘वर्त्मन्’पासून. म्हणून उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळतात का, आणि उच्चार बदलायची रीत दाखवता येते का, एवढं तपासल्याशिवाय नातं जोडू नये.

मग हिशेब काय निघतो? ‘वाडी’वरून तिथं कधीकाळी कुंपण, बाग किंवा छोटी वस्ती होती, एवढं कळू शकतं. तिथं राहणारे घरात कुठली भाषा बोलत, हे त्या दोन अक्षरांवरून ठरत नाही. त्यासाठी शिलालेख, दप्तरं आणि माणसांच्या आठवणीच बघाव्या लागतात. गावाच्या नावाला सातबारा समजून पुढं करणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. शब्दाचा अर्थ कुंपण खरा. पण तो स्वतः काही कुंपणात राहिलेला नाही.