ग्वामचं मुकं झालेलं रान

युद्धाचा इतिहास म्हटलं की आपण सैन्य, तह आणि सीमा बघतो. युद्धाच्या सामानातून काय काय प्रवास करतं, याचा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही. आज अशाच एका चोरट्या प्रवाशाबद्दल बोलायचं आहे. हा प्रवासी म्हणजे एक साप.

पश्चिम प्रशांत महासागरात ग्वाम नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ५४० चौरस किलोमीटर. मूळचे लोक चामोरो. त्यांच्यावर आधी स्पेनची सत्ता होती, १८९८ नंतर अमेरिकेची आली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने बेट घेतलं, जुलै १९४४ मध्ये अमेरिकन फौजा पुन्हा उतरल्या आणि मग हे बेट म्हणजे एक प्रचंड लष्करी गोदाम झालं. युद्ध संपल्यावर दक्षिणेकडच्या तळांवरचं सामान, गाड्या, यंत्रं, पेट्या, सगळं गोळा होऊन ग्वामला येऊ लागलं. त्यातला एक मोठा तळ ॲडमिरल्टी बेटसमूहातल्या मानुस बेटावर होता. (हो, नाव मानुसच आहे. योगायोग!) त्या भंगारात कुठेतरी वेटोळं घालून हा साप आला. नेमकी कोणती बोट, कोणती पेटी, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण पुढे जनुकीय तपासणी झाली तेव्हा तिनेही मानुसकडेच बोट दाखवलं.

सापाचं शास्त्रीय नाव बॉयगा इर्रेग्युलारिस. आपल्याकडे मांजऱ्या साप असतो, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्याच कुळातला हा. तशाच मांजरीसारख्या उभ्या बाहुल्या, तसाच रात्री फिरणारा, झाडावर सरसर चढणारा. विष सौम्य, दात जबड्यात मागच्या बाजूला. मोठ्या माणसाला फारसा धोका नाही, पण झोपलेल्या तान्ह्या बाळांना चावल्याच्या घटना ग्वामवर नोंदलेल्या आहेत. मी त्याला आज सोयीसाठी तपकिरी मांजऱ्या म्हणणार आहे.

आता मुद्दा असा, की त्याच्या मूळ प्रदेशात हा साप काही राक्षस नाही. तिथे त्याला खाणारे आहेत, आणि तिथल्या पक्ष्यांना साप म्हणजे काय ते ठाऊक आहे. ग्वामवर मात्र मूळचा साप एकच, गांडुळासारखा दिसणारा आंधळा वाळा, जो मुंग्या-वाळवी खाऊन जगतो. रात्री फांदीवर येऊन घरट्यातली पिल्लं गिळणारा प्राणी तिथल्या पक्ष्यांच्या हजारो पिढ्यांनी पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे लपणं नाही, हल्ला करणं नाही, काहीच नाही.

साप पहिल्यांदा दिसले ते बंदराच्या आसपास, १९५० च्या दशकात. सुरुवातीला लोकांना बरंच वाटलं असणार, उंदीर खातो म्हणून. साठच्या दशकात दक्षिणेकडच्या रानातले पक्षी कमी झाले. मग मध्य भागातले. ऐंशीच्या सुमारास फक्त उत्तर टोकाच्या कड्याखालच्या जंगलात काय ते उरले होते.

आणि तरीही सापावर संशय कुणी घेतला नाही! मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पक्षी मरताहेत म्हटल्यावर त्या काळातल्या शास्त्रज्ञाच्या डोक्यात पहिलं काय येणार? डीडीटी. रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ मध्ये आलं होतं, आणि ग्वामवर युद्धानंतर डासांसाठी डीडीटी भरपूर फवारलेलं होतं. गोष्ट तयारच होती. दुसरा संशय रोगावर, कारण हवाई बेटांवर डासांतून पसरलेल्या मलेरियाने पक्ष्यांची वाट लावल्याचं माहीत होतं. साप एखाद्या बेटावरचे सगळे पक्षी संपवू शकतो, असं पूर्वी कधी घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. म्हणून ते दिसलं नाही.

१९८२ मध्ये ज्युली सॅव्हिज नावाची एक तरुण संशोधक तिथे आली. पीएचडीचं काम. तिने आधी रोग तपासले. पक्ष्यांच्या रक्तात, मेलेल्या पक्ष्यांत असं काही सापडेना, ज्याने सगळा प्रकार समजेल. कीटकनाशकांचे अंशही फारसे निघाले नाहीत. मग तिने एक साधी गोष्ट केली, जी आपल्यासारख्या इतिहासवाल्यांना फार जवळची आहे. ती लोकांना विचारत सुटली. तुमच्या गावात साप पहिल्यांदा कधी दिसला? कोंबड्या, अंडी, कबुतरं कधीपासून जायला लागली? त्या उत्तरांतून सापाच्या प्रसाराचा नकाशा तयार झाला. तो पक्षी नाहीसे होण्याच्या नकाशावर ठेवला तर दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसत होते. मग तिने रानात पिंजऱ्यांत जिवंत लावा पक्षी ठेवले. जिथले पक्षी संपले होते तिथे सापांनी ते पटापट गाठले. शिवाय त्याच भागांत उंदीर आणि चिचुंद्र्याही घटल्या होत्या. पक्ष्यांचा रोग उंदरांना कशाला मारेल? तिचा निबंध १९८७ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात आला आणि वाद जवळपास मिटला.

जवळपास म्हणतो, कारण एक शंका रास्त होती. भक्ष्य संपलं की भक्षकही उपाशी मरायला हवा, मग सापांची संख्या का टिकली? उत्तर पाली आणि सापसुरळ्यांत होतं. त्या अमाप होत्या आणि भराभर वाढणाऱ्या होत्या. सापाची पिल्लं त्यांच्यावर पोसली जायची, आणि मोठी झाली की उरलेसुरले पक्षी शोधायची. पक्षी हे त्याचं मुख्य जेवण राहिलंच नाही, तोंडी लावणं झालं. म्हणूनच शेवटचा पक्षीही सुटला नाही.

हिशेब सांगतो. रानातल्या मूळच्या १२ पक्षीजातींपैकी १० ग्वामवरून गेल्या. त्यातला ग्वामचा माशीमार जगात कुठेच नव्हता, तो कायमचा संपला. सिहेक, म्हणजे तिथला खंड्या, २९ जिवंत पकडून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले, आणि १९८८ नंतर तो रानात दिसला नाही. कोको नावाचा न उडणारा पक्षीही असाच पिंजऱ्यात वाचला. सापांची घनता काही ठिकाणी हेक्टरी १०० पर्यंत गेली होती. ते विजेच्या खांबांवर चढून तारा जोडायचे आणि अख्ख्या भागाची वीज जायची. १९७८ ते १९९७ या काळात असे १,६०० हून जास्त खंड नोंदले आहेत.

पक्षी गेल्यावर रानाचं काय झालं, तेही ऐका. कोळी माजले. पावसाळ्यात शेजारच्या बेटांच्या तुलनेत ग्वामच्या रानात ४० पट जास्त कोळ्यांची जाळी मोजली गेली. तिथल्या बऱ्याच झाडांची फळं पक्षी खायचे आणि बिया लांब नेऊन टाकायचे. आता फळं झाडाखालीच पडतात आणि तिथेच कुजतात.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल, की मग मुंगूस का नाही सोडला? आपण लहानपणापासून तेच ऐकलंय ना! हा प्रयोग जगात झालेला आहे. जपानच्या आमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये हाबू या विषारी सापासाठी सुमारे ३० मुंगूस सोडले. हाबू रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा. गाठ पडणार कशी? मुंगसांनी सापाऐवजी तिथले दुर्मीळ ससे खायला सुरुवात केली, आणि ते मुंगूस संपवायला २०२४ साल उजाडलं. त्याआधी १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगूस जमैकाला गेले होते, उसातल्या उंदरांसाठी. तिथेही पक्षी आणि सरडेच भोगले. तेव्हा मुंगूस नको.

मग उपाय काय केले? पहिला, साप बेटाबाहेर जाऊ द्यायचा नाही. १९८१ ते १९९८ दरम्यान हवाईच्या ओआहू बेटावर असे आठ साप सापडले होते, आणि हवाई तिथून सहा हजार किलोमीटर दूर. म्हणून बंदरात आणि विमानतळावर सामान हुंगायला जॅक रसेल जातीची छोटी कुत्री नेमली. कुंपणांवर, धावपट्ट्यांच्या कडेला जिवंत उंदराचे सापळे लावले. २००४ मध्ये अमेरिकेत या एकाच सापासाठी स्वतंत्र कायदा झाला.

दुसरा उपाय गमतीदार वाटेल. पॅरासिटामॉल! हो, आपल्या घरातल्या डब्यात असतं तेच. ८० मिलिग्रॅममध्ये हा साप मरतो. आपली मोठ्या माणसाची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. औषधाने त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते. बहुतेक सापांना हलतं भक्ष्य लागतं, हा मात्र मेलेलंही खातो, त्यामुळे मेलेल्या उंदराच्या पिल्लात औषध घालून देता येतं. पण जमिनीवर टाकलं तर खेकडे खातात, आणि साप तर झाडावर. म्हणून २०१३ मध्ये २,००० उंदरं कागदी पट्ट्यांच्या छोट्या पॅराशूटला बांधून हेलिकॉप्टरमधून सोडली, म्हणजे ती फांद्यांत अडकून राहतील. जगभरच्या बातम्यांत यावर हशा पिकला. मला त्यात हसण्यासारखं फार दिसत नाही. या सापाचा त्यात काय दोष? तो स्वतः आलेला नाही. त्याला मारायचंच असेल तर दुसऱ्या कुणाला इजा न होता मारायचं, यासाठी वर्षानुवर्षं डोकं चालवलेलं आहे, एवढं तरी मान्य करायला हवं.

आज हवाई दलाच्या तळावर ५५ हेक्टर रान सापरोधक कुंपणाने वेढलं आहे. तिथले साप खूप कमी झाले, पण शून्य झाले नाहीत. आणि शून्याशिवाय सिहेकला घरी आणता येत नाही. मैनेच्या घरट्यांसाठी खांबाभोवती गुळगुळीत धातूचा नळकांडा बसवला, तर साप स्वतःचा फास करून त्यावरही चढला. सापाची ही नवी चाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्या निबंधावर पहिलं नाव पुन्हा ज्युली सॅव्हिज यांचंच आहे. जवळजवळ चाळीस वर्षं त्या एकाच सापाच्या मागे!

कोको मात्र २०१० मध्ये ग्वामच्या किनाऱ्याजवळच्या कोकोस या छोट्या बेटावर सोडला आणि तिथे रुजला. २०२० मध्ये त्या बेटावरही साप सापडले. सिहेकची सोय २०२४ मध्ये पाल्मायरा या निर्मनुष्य प्रवाळबेटावर झाली. तिथे साप नाहीत. नऊ पक्षी सोडले. ते त्यांचं मूळ घर नाही, घर हजारो किलोमीटरवर आहे आणि तिथे सापळे तपासणं चालू आहे.

एवढं पुरे. आता तुमचे प्रश्न घेऊया.